खेळाडूच्या धास्तीचे मोजमाप

नव्या रायपुरातील शहीद वीर नारायण सिंह क्रीडांगणावर २१ जानेवारी २०२३ रोजी भारत आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये क्रिकेटचा एकदिवसीय सामना झाला. त्या मैदानावरचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. नाणेफेकीचा कौल भारताच्या बाजूने पडला. आपण प्रथम फलंदाजी करणार की गोलंदाजी, एवढेच आता कर्णधार रोहित शर्मा याने सांगावयाचे होते. परंतु नागपुरात जन्मलेला आणि पंधरा वर्षे आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला हा मुरब्बी खेळाडू तेथेच अडला. संघाने काय ठरविले होते, तेच त्याला आठवेना. काही क्षणांनी ‘प्रथम गोलंदाजी’ असे शब्द बाहेर पडले आणि भोवतालच्या मंडळींत हशा पिकला. नाणेफेकीसंबंधी संघात फार चर्चा झाल्यामुळे विसर पडला, असा खुलासा त्याने तेथल्या तेथे केला. पुढे न्यूझीलंडचे पाच गडी अवघ्या १५ धावांत बाद झाले, सारा संघ १०८ धावांत आटोपला, आणि नाणेफेकीच्या वेळी अडखळलेल्या कर्णधाराने शांतपणे ५१ धावा काढल्या.

त्या दिवशी मैदानावर धास्ती कोणाच्या मनात होती? विसर पडला तो धास्तावलेला म्हणावा, तर त्याची बॅट निराळीच साक्ष देते. न्यूझीलंडच्या फलंदाजांचे पाय भीतीने जड झाले होते, की शमी आणि सिराज यांचा चेंडूच त्या दिवशी खेळण्याजोगा नव्हता? प्रेक्षक आपापल्या परीने तर्क करतात, वृत्तपत्रे दुसऱ्या दिवशी ‘दडपण’ हा शब्द सढळ हाताने वापरतात. पण दडपण कोणावर किती होते, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. म्हणूनच गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत मानसशास्त्राने ते मोजण्याची साधने शोधली. त्यांपैकी भारतात सर्वांत अधिक वापरल्या गेलेल्या साधनांतील एकाचा संबंध याच रायपूरशी आहे.

रायपूर मराठी माणसाला परके नाही. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ पर्यंत ज्या प्रांतात रायपूर मोडत होते त्याची राजधानी नागपूरच होती. त्या प्रांताचे मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव रायपूरच्या विद्यापीठास १९६४ मध्ये देण्यात आले. या रविशंकर विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेले ए. के. पी. सिन्हा यांनी एल. एन. के. सिन्हा यांच्यासमवेत चिंतेची एक सर्वंकष चाचणी तयार केली. तिच्यात नव्वद प्रश्न आहेत. प्रत्येकाचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच द्यावयाचे. चिंता दर्शविणाऱ्या प्रत्येक उत्तरास एक गुण. बेरीज जितकी मोठी, तितकी चिंता अधिक. आग्र्याहून प्रसिद्ध झालेली ही पुस्तिका महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी रचलेली होती. तथापि शारीरिक शिक्षणाच्या विभागांनी ती उचलली. विदर्भापासून छत्तीसगडापर्यंत खोखो, कबड्डी, हॉकी खेळणाऱ्या कितीतरी मुलामुलींनी शाळा-महाविद्यालयांच्या वर्गांत बसून हे नव्वद प्रश्न सोडविले आहेत.

ही चाचणी कोठून आली, हे समजण्यासाठी मात्र बरेच मागे जावे लागते.

१८९८ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट यांनी मुलांच्या हाती मासे पकडण्याच्या गळाचे चक्र दिले आणि ते शक्य तितक्या वेगाने फिरविण्यास सांगितले. कधी मूल एकटेच चक्र फिरवी, कधी शेजारी दुसरे मूल असे. सायकलस्वार एकट्याने धावताना मंद आणि चढाओढीत वेगवान का होतात, या प्रश्नातून हा प्रयोग निघाला होता. चाळीस मुलांपैकी वीस मुले चढाओढीत अधिक वेगवान झाली. दहांच्या वेगात विशेष फरक पडला नाही. उरलेली दहा मात्र पूर्वीपेक्षा मंदावली. त्यांचे हात ताठरले, चक्र नीट फिरेना. पाठ्यपुस्तके ट्रिप्लेट यांचे नाव पहिल्या वीस मुलांसाठी घेतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी महत्त्वाची ती शेवटची दहा मुले. स्पर्धा ज्यांना पुढे ढकलण्याऐवजी मागे खेचते, अशा खेळाडूंची शास्त्राने घेतलेली ही बहुधा पहिलीच मोजदाद असावी.

दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांना विजेचे लहानमोठे धक्के देऊन दोन वाटांपैकी योग्य वाट निवडण्यास शिकविले. वाटांतील भेद ओळखणे अवघड असे तेव्हा फार जोराचा धक्का बसलेले उंदीर सावकाश शिकत, आणि मध्यम धक्का सर्वांत उपयोगी पडे. या उंदरांच्या वर्तनावरून पुढे खेळाडूंविषयी एक नियमच बनविण्यात आला: उत्तेजना अगदी कमी नको, फार नको, मध्यम हवी. नियम सुटसुटीत आहे, व्याख्यानात फळ्यावर काढण्यास सोपा आहे, आणि म्हणूनच प्रशिक्षकांच्या शिबिरांत तो इतकी वर्षे टिकला. पण उंदराला बसलेला विजेचा धक्का आणि आपल्या गावाच्या डोळ्यांदेखत चितपट होण्याची मल्लाला वाटणारी भीती यांना एकाच मापाने मोजणे थोडे धाडसाचेच.

मल्लांचा उल्लेख सहज आलेला नाही. १९४९ मध्ये अमेरिकेत वॉरेन जॉन्सन यांनी कुस्तीगीर आणि फुटबॉलपटू यांच्या स्पर्धेपूर्वीच्या भावनावस्थेचा नाडी, रक्तदाब अशा शारीरिक खुणांवरून अभ्यास केला. कुस्तीगिरांमध्ये खळबळ अधिक आढळली. संघात अकरा जण पराभव वाटून घेतात. आखाड्यात उतरलेल्याला तो एकट्याने सोसावा लागतो. या अभ्यासानंतर तीनच वर्षांनी, १९५२ मध्ये, कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिक स्पर्धेत उतरले. त्यांना पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि गावोगाव वर्गणी जमली, ही हकीकत महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. जपानच्या इशी याच्याशी लांबलेली कुस्ती संपताच, पुरेशी विश्रांती न मिळता, खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. नियमाने मिळावयाच्या विश्रांतीसाठी भांडावयास भारताचा एकही अधिकारी तेथे नव्हता. तरीही त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

त्या दोन कुस्त्यांच्या मधल्या घटकेत खाशाबांच्या मनात काय चालले होते? नाडी मोजणाऱ्याला तिचा वेग कळला असता. पण तो दमल्यामुळे वाढला, संतापामुळे की धास्तीमुळे, हे नाडी सांगत नाही. आणि गहाण पडलेल्या घराचा भार त्या मनावर होता, की त्याच घराने त्यांना बळ दिले? हे त्यांना कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची रीतच तोपर्यंत पडलेली नव्हती.

ती रीत पाडण्याचे श्रेय पुष्कळसे जेनेट टेलर यांना जाते. १९५३ मध्ये त्यांनी ‘प्रकट चिंते’ची पन्नास विधानांची श्रेणी प्रसिद्ध केली. माणसाला थेट विचारा, आणि तो देईल ते उत्तर मोजा, अशी ही सरळ कल्पना होती. सिन्हाद्वयांची रायपूरची चाचणी याच कुळातली. तिचे गुण टेलर यांच्या श्रेणीशी ताडून पाहिले असता त्यांचा सहसंबंध ०.६२ आला. दोन्ही साधने एकाच प्रदेशाचा नकाशा काढीत आहेत, पण तंतोतंत तोच नकाशा नव्हे, असा याचा अर्थ.

या कुळातील सर्व चाचण्यांत एक अडचण होती. त्या माणसाचा स्वभाव विचारीत. एखादी मुलगी घरी चिंतातुर असेल आणि मैदानावर वाघीण. एखादा मुलगा एरवी बेफिकीर, पण शिट्टी वाजली की त्याच्या हातापायांतले बळ जाते. चार्ल्स स्पीलबर्गर यांनी १९६० नंतरच्या दशकात हा भेद पक्का केला. काळजी करण्याची उपजत किंवा अंगवळणी पडलेली प्रवृत्ती ही स्वभाव-चिंता. या घटकेला, या प्रसंगी जाणवते ती अवस्था-चिंता. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रश्नावलीत वीस विधाने एकीची आणि वीस दुसरीची होती. मराठी बोलीला हा भेद अगदीच नवा नाही. ‘तो मुळातच घाबरट’ आणि ‘आज तो घाबरला आहे’ यांतला फरक शाळकरी पोरालाही कळतो. शास्त्राने या फरकाला आकडे दिले.

तरीही प्रश्न खेळाचा होता, आणि खेळासाठी खास साधन इलिनॉय विद्यापीठाच्या रेनर मार्टेन्स यांनी १९७७ मध्ये दिले. त्यांच्या चाचणीत पंधरा विधाने आहेत. प्रत्येकापुढे ‘क्वचित’, ‘कधी कधी’ आणि ‘वारंवार’ असे तीन पर्याय. गुण मात्र दहाच विधानांचे धरतात. उरलेली पाच उत्तर देणाऱ्याला चाचणीचा रोख कळू नये म्हणून घातलेली आहेत. त्यामुळे एकूण गुण दहापेक्षा कमी होत नाहीत आणि तिसाच्या वर जात नाहीत. आणखी एक युक्ती अशी, की खेळाडूच्या हाती पडणाऱ्या कागदावर ‘चिंता’ हा शब्दच नाही. त्यावर नुसतेच ‘इलिनॉय स्पर्धा प्रश्नावली’ असे छापलेले. आपली भीती मोजली जात आहे हे कळले, की शूर माणूस खोटे बोलू लागतो, हे मार्टेन्स ओळखून होते.

त्यांचा एक अभ्यास विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९७९ मध्ये ज्युली सायमन यांच्यासह त्यांनी नऊ ते चौदा वर्षांच्या ७४९ मुलांची चिंता वेगवेगळ्या प्रसंगी मोजली. खेळांमध्ये कुस्ती सर्वांत वर आली, आणि त्यावरून जॉन्सन यांचा निष्कर्ष खरा ठरला. पण सर्वांत अधिक धास्तावलेली मुले आखाड्यात नव्हतीच. वाद्यवृंदाच्या स्पर्धेत एकट्याने वाद्य वाजविण्यास उभी राहिलेली ती मुले होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात पेटी घेऊन एकटे गावयास बसलेल्यांना हा निष्कर्ष वाचून काही नवल वाटणार नाही.

रायपुरातच याचे प्रत्यंतर पाहावयास मिळाले. ६ डिसेंबर २०१५ रोजी तेथील हॉकी क्रीडांगणावर जागतिक हॉकी लीगच्या अंतिम स्पर्धेत भारत आणि नेदरलँड्स यांच्यामध्ये कांस्यपदकासाठी सामना झाला. तो ५-५ असा बरोबरीत सुटला. अकरा जणांचा खेळ संपून निकाल एकेका खेळाडूवर आला: समोर फक्त गोलरक्षक आणि हाती अवघी आठ सेकंदे. भारताने ३-२ असा विजय मिळविला. सांघिक खेळ क्षणात कुस्तीसारखा एकट्याचा कसा होतो, हे त्या गर्दीने डोळ्यांनी पाहिले. त्या आठ सेकंदांपूर्वी प्रत्येकाच्या हाती मार्टेन्स यांचा कागद देणे अर्थातच शक्य नव्हते. हीच या साधनांची मोठी मर्यादा. ज्या घटकेची चिंता जाणून घ्यावयाची, नेमकी त्या घटकेला खेळाडूला फुरसत नसते.

या ठिकाणी एका गमतीच्या गोष्टीचा उल्लेख करावयास हवा. मार्टेन्स यांची ‘स्पर्धाचिंता चाचणी’ आणि सिन्हा यांची ‘सर्वंकष चिंता चाचणी’ या दोहोंच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे एकच होतात: ‘स्कॅट’. परिणामी आपल्याकडील शारीरिक शिक्षणाच्या प्रबंधांत दोन स्कॅट नांदतात, आणि कोणता लेखक कोणत्या स्कॅटविषयी बोलतो आहे हे वाचकाला जपून पाहावे लागते. एकीत नव्वद प्रश्न आहेत, दुसरीत पंधरा. एक संपूर्ण आयुष्याविषयी विचारते, दुसरी केवळ स्पर्धेविषयी. एकीचे गुण दुसरीच्या गुणांशेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे शेर आणि हात यांची बेरीज करणे होय.

भाषेचा प्रश्न याहून बिकट. इंग्रजी विधान हिंदीत, हिंदीतून छत्तीसगढीत किंवा मराठीत नेताना शब्दांची तोलामोलाची जोडी क्वचितच सापडते. ‘चिंता’ म्हटले की मराठी माणसाला मुलीचे लग्न आणि कर्जाचा हप्ता आठवतो. शर्यतीच्या आरंभरेषेवर जे वाटते त्याला तो धास्ती, धाकधूक किंवा हुरहूर म्हणेल, आणि या तिन्हींच्या छटा निराळ्या आहेत. धाकधुकीत भय आहे, तर हुरहुरीत ओढ. बस्तरच्या रानातून रायपुरात आलेल्या खेळाडूची घरची भाषा गोंडी असेल किंवा मराठीची छटा असलेली हलबी. त्याने पुस्तकी हिंदीतील प्रश्नाला ‘होय’ म्हटले, तर ते नेमके कशाला म्हटले, हे परीक्षकाने कसे ओळखावे? प्रश्न न कळल्यामुळे दिलेले उत्तरही बेरजेत एक गुण म्हणूनच धरले जाते.

उलट, काही बाबतींत बोलीभाषा शास्त्राच्या पुढे होती असे म्हणावे लागते. १९९० मध्ये मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तावीस विधानांची नवी प्रश्नावली मांडली. तिच्यात चिंतेचे दोन भाग केले: मनात घोळणारी आणि शरीरात उतरणारी. शिवाय तिसरा भाग आत्मविश्वासाचा. मराठीत पोटात गोळा येतो, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, छातीत धडधडते. ही सारी देहाची भाषा. जीव टांगणीला लागतो, मन कातरते, नाही नाही ते विचार येतात; ही मनाची. पोटातला गोळा स्पर्धा सुरू होताच बहुधा विरघळतो, मनातला विचार मात्र खेळभर पाठ सोडीत नाही, हा भेद प्रश्नावलीने आकड्यांत मांडला. तो अनुभवी वस्ताद पूर्वीपासून जाणत.

लेनिनग्राडचे यूरी हॅनिन यांनी स्पीलबर्गर यांची प्रश्नावली रशियन भाषेत आणली आणि खेळाडूंवर वापरताना एक जुना समज मोडीत काढला. सर्वांना मध्यमच उत्तेजना मानवते, हे त्यांना आढळले नाही. कोणाचा उत्तम खेळ शांत मनाने होतो, तर कोणाचा चांगलेच धास्तावलेले असताना. प्रत्येकाचा आपला एक पट्टा असतो, आणि खेळाडूचा आजचा आकडा ताडावयाचा तो त्याच्याच चांगल्या दिवसांच्या आकड्याशी. या विचाराने ट्रिप्लेट आणि यर्क्स यांच्यापासून चालत आलेली सरासरीची सत्ता बरीच ढिली झाली. सर्वांना एका रांगेत उभे करून चिंतेनुसार क्रम लावण्याची हौस मात्र सुटली नाही.

आणि धोका येथेच आहे. निवड समितीच्या टेबलावर हे गुण पोहोचले तर काय होईल? चोवीस गुण मिळालेली मुलगी मागे राहील आणि चौदा गुणांचा मुलगा पुढे जाईल. दुसऱ्या वर्षी त्या मुलीला ‘क्वचित’ या रकान्यात खूण करावयास कोणी शिकवावे लागणार नाही. ज्या कागदावर पोटापाण्याची नोकरी किंवा संघातील जागा अवलंबून आहे, त्या कागदावर माणूस आपली भीती लिहीत नाही. मग चाचणी मोजते ती धास्ती नव्हे, चतुराई. ज्याला लपविता आले नाही असा एखादा सरळ मुलगा तेवढा सापडतो. आपल्याकडील प्रबंधांत हजारो गुण नोंदले गेले. त्यांची सरासरी काढली गेली, खोखो विरुद्ध कबड्डी, मुले विरुद्ध मुली अशा तुलना झाल्या. पण गुण अधिक आलेल्या खेळाडूला पुढे कोणी काय मदत केली, हा रकाना त्या तक्त्यांत फारसा दिसत नाही.

कागदावर विश्वास नसलेले लोक पुन्हा नाडीकडे वळले. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या तिरंदाजीत दूरवरच्या कॅमेऱ्यांनी चेहऱ्यावरील सूक्ष्म रंगबदल टिपून तिरंदाजाच्या हृदयाचे ठोके प्रेक्षकांना पडद्यावर दाखविण्यात आले. महिलांच्या अंतिम सामन्यात निकाल एकेका बाणावर आला. त्या वेळी कोरियाच्या आन सानचे ठोके रशियाच्या एलेना ओसिपोवापेक्षा पुष्कळच कमी पडत होते, आणि सुवर्णपदक आन सानने घेतले. जॉन्सन यांनी मल्लांच्या मनगटावर जे शोधले, ते आता घरोघर करमणुकीसाठी पोहोचले. नाडी लपविता येत नाही हे खरे. पण ती कशामुळे वाढली हे तेव्हाप्रमाणे आजही ती सांगत नाही.

त्याच टोकियोत सिमोन बाइल्स या जगज्जेत्या जिम्नॅस्टने मनाची स्थिती ठीक नसल्याचे सांगून सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. तत्पूर्वी, २०२० मध्येच, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंच्या मानसिक आरोग्याच्या तपासणीसाठी एक साधन प्रसिद्ध केले होते. ते क्रीडावैद्याच्या हाती द्यावयाचे आहे, निवडकर्त्याच्या नव्हे. प्रथम दहा प्रश्न. त्यांत गुण सतरा किंवा अधिक झाले तर पुढची पत्रके भरून घ्यावयाची. त्यांतील चिंतेच्या पत्रकात सातच प्रश्न आहेत, आणि ते गेल्या दोन आठवड्यांविषयी आहेत: मन अस्वस्थ होते का, काळजी आवरता येत नव्हती का, काहीतरी भयंकर घडेल असे वाटत होते का. मार्टेन्स यांच्या कागदावर जिकडेतिकडे दिसणारी स्पर्धा या सात प्रश्नांत कोठेच नाही. खेळाडूला येथे पुन्हा सबंध माणूस म्हणून विचारले जाते, जसे रायपूरच्या त्या नव्वद प्रश्नांत विचारले जात असे. गहाण पडलेल्या घराची काळजी असेल, तर निदान या पत्रकात ती लिहावयास जागा आहे.